'पदकाची वरात' कापू नये

मी, हरिदास सुकलू रामटेके, वय चौऱ्याहत्तर, झाडीपट्टीचा नाटककार, राहणार चामोर्शी, डोके ठिकाणावर असताना स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणून पाहिले पुष्कळांनी, ते खाली येईल.

१. राहते घर आणि धानाची बांधी, म्हणजे भाताचे शेत, मुलगा प्रफुल्ल व मुलगी दीपाली यांना निम्मी-निम्मी. भांडू नये.

२. सत्कारांच्या एकतीस शाली आमच्या नाटक मंडळाचे प्रॉम्प्टर भैयाजी यांना. रंगमंचापुढच्या खड्ड्यात पौषाच्या थंडीत बसून त्यांचे गुडघे गेले. आमच्याकडचे नट संवाद पाठ करीत नाहीत. खड्ड्यातून जे वाचले जाईल ते बोलतात. शहरातले लोक याला हसतात. माझे नाटक याच रीतीमुळे जिवंत राहिले.

३. 'पदकाची वरात' या नाटकाचे सर्व हक्क एकट्या दीपालीला. प्रफुल्लला नाहीत, आणि का ते त्याने वाचावे.

नाटकात दोन राजे एका तळ्यासाठी लढतात. शेवटी पुढारी पदक घेऊन वाजतगाजत शहिदाच्या घरी निघतात, भलत्याच घरात शिरतात आणि जिवंत म्हाताऱ्याच्या फोटोला हार घालून भाषण ठोकतात. बावीस वर्षे लोक पोट धरून हसले. मग आमच्याच तालुक्यातल्या बायनाबाई गेडाम यांचा मुलगा रोशन सीमेवर शहीद झाला, आणि तेच हसणे अपमान ठरले. मी कोणी ऐरागैरा असतो तर कोणी ढुंकून पाहिले नसते. पण माझा धडा शाळेच्या पुस्तकात, म्हणून माझा पुतळा जाळणाऱ्यांचाही फोटो पेपरात. पुतळा जाळणाऱ्यांच्याच एका समितीने बायनाबाईंच्या नावाने तक्रार केली. त्यांना विचारले कोणीच नाही. मीही नाही, याची मला लाज वाटते.

प्रफुल्लने आपली नोकरी जाईल या भीतीने माझ्या वतीने माफीनामा दिला. तो माझा नाही. मंडळाच्या मालकाने हाराचा प्रवेश कापला.

पुढच्याच प्रयोगात भैयाजींनी न कापलेली जुनी वही वाचली. विंगेतून मालक हातवारे करत राहिला आणि नट सवयीने बोलत गेले. भैयाजी अजून म्हणतात, वही चुकून बदलली. हार घालताना प्रेक्षकांतून बायनाबाई उभ्या राहिल्या. मी भ्यालो होतो.

त्या म्हणाल्या, "माह्या घरी बी असेच आले होते. फोटो काढले, अन् भाषणात पोराचं नावच चुकीचं घेतलं. तवा मले बोलता नाई आलं. नाटक पुरं होऊ द्या."

नाटक पुरे झाले.

४. म्हणून या नाटकातला एक शब्दही कोणी कापू नये, मंडळाने नाही, सरकारने नाही, माझ्या पोटच्या पोरानेही नाही. माझ्या अंत्यविधीला समितीचा हार आला तर परत पाठवावा. घाईत तो माझ्या शेजाऱ्याला घालतील.

५. एक भर मात्र घालावी. दर प्रयोगाआधी भोंग्यावरून रोशन गेडाम हे नाव नीट, पूर्ण आणि दोनदा घ्यावे. बायनाबाईंनी एवढेच मागितले. बाकी काही देऊ केले, तर नको म्हणाल्या.

चामोर्शी, दि. १४ जानेवारी २०२४
हरिदास सुकलू रामटेके

आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर हरिदासभाऊंनी सही केली:
१. राजदीप खोब्रागडे, शिक्षक
२. बायनाबाई गेडाम, रोशनची आई