मामाजीची शिट्टी

झिंज, बहरीन

ती. आत्याबाईले सून दीप्तीचा मनापासून जयभीम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देते का? इथं सगळं बरं हाय. बाळ अंगानं भरलं. प्रज्योतची सलमाबादच्या वर्कशॉपात ड्यूटी चालू हाय. फोनवर बोलता येत नाही, मामाजी शेजारीच बसून असतात, म्हणून गावाकडं निघालेल्या शिरीषभाऊच्या हाती हे पत्र. तक्रार एकच, अन् ती तुमच्या मालकाचीच हाय.

तुमी त्याइले नातवाले खेळवाले पाठवलं. त्याइनं आमाले सगळ्याइलेच खेळवणं सुरू केलं. उभा जन्म कॉलेजात बास्केटबॉल शिकवला, स्वतः रिटायर झाले, गळ्यातली शिट्टी नाही झाली. एक शिट्टी वाजली की बाळाची मालिश, दुसरी वाजली की आंघोळ. पहिल्या दिवशी वॉचमन अलीमियाँ आग लागली म्हणून वर धावत आला. (आता मामाजी खाली पार्किंगमधी बिल्डिंगच्या पोराइले खेळवतात, अन् तोच त्या मॅचचा पंच हाय.)

मले तर पहिल्यापासून भेव. लेकरू पाण्यात निसटंल, लिफ्टमधी अडकंल. मामाजी म्हणाले, "सूनबाई, घाबरली की दोन्ही हाताचा टी कर. टाइमआउट मागाले लाज नसते." मी केला. त्याइनं लेकरू घेतलं, मी रडून घेतलं, अन् मिनिटभरात लेकरू परत माझ्या हातात! म्हणे, "टाइमआउट संपला. मॅच तुझीच हाय." असा सासरा असते का कुठं?

हा शिरीषभाऊ त्याइचा जुना खेळाडू. एवढा मोठा इंजिनिअर, पण इथल्या भाजीबाजारात भर गर्दीत मामाजीच्या पाया पडला. आमच्याकडं जेवताना सांगे, सराइची टीम एकदाही फायनल जिंकली नाही, अन् त्याले तर कॉलेज सरेपर्यंत बाकावरच बसवलं. तरी डोळ्यात पाणी! मी म्हटलं, मग शिकले काय? म्हणे, "वहिनी, शेवटच्या मॅचमधी शेवटच्या मिनिटाले मले आत सोडलं. हरतच होतो. सर म्हणाले, जा, तुझ्यानं काही बिघडत नाही." (मले तर हा टोमणाच वाटला.)

मंगळवारी बाळाची लसीची सुई होती. प्रज्योत शिफ्टवर. मामाजी दवाखान्याच्या दारातच थांबले. म्हणे, "कोच लाइनीच्या आत पाय टाकत नसते. जा, तुझ्यानं काही बिघडत नाही." गेली मी. नर्स हुदा अरबीत काय काय विचारे, मी हिंदीत काय काय सांगे. सुई टोचली, बाळानं गळा काढला, तिनं फाइल मागितली, अन् मी टी कराले गेली तं हातच मोकळे नाहीत! मागं वळून पाहिलं फक्त.

शिट्टी वाजली. सगळा दवाखाना गप. बाळ गप. एक म्हातारा तं उठून उभाच राहिला. शिपाई धावला, "मफी सीटी, हाजी, मफी सीटी!" (मफी म्हणजे इथं चालत नाही.) मामाजी मान खाली घालून उभे, हुदा हसून हसून बेजार. तेवढ्यात मी फाइल दिली, पुढची तारीख घेतली, बाळाले गुंडाळलं अन् बाहेर आली. कोणाले काही विचारलं नाही.

तं आता माझं मी निभावते. मामाजीचा व्हिसा सरला की खुशाल येऊ द्या त्याइले घरी.

तुमची,
दीप्ती

ता.क. शिट्टी सापडत नाही म्हणून मामाजीनं घर डोक्यावर घेतलं हाय. तुमाले फोनवर सांगतील. तुमी म्हणा, जाऊ द्या, इकडं नवी घेऊ.

आणखी एक ता.क. ती तांदळाच्या डब्यात हाय. सांगू नका. पुढच्या सुईलेही माझे हात मोकळे नसतील, पण तोंड मोकळं राहील.