व्यापाऱ्याच्या घरावरच्या खुणा

मीना सलमान बंदर, बहरीन
शुक्रवार, ८ नोव्हेंबर १९९६

प्रिय प्रशांत,

अनेक आशीर्वाद. हे पत्र अर्शद तुझ्या हातात देईल. आमच्या वर्कशॉपमधला इलेक्ट्रिशियन, आपल्या रत्नागिरीचाच, बहिणीच्या लग्नाला निघालाय. पोस्टात टाकलं असतं तर उशीर झाला असता, म्हणून त्याच्या मागे लागलो. नेहमीसारखं आईला मोठ्याने वाचून दाखवू नकोस, आधी एकट्याने वाच. तिचा गुडघा कसा आहे ते कळव, आणि नुसतं 'बरा आहे' लिहू नकोस, दर वेळी तेवढंच लिहितोस.

मी मार्चमध्येच कायमचा येणार होतो, हे तुला ठाऊक आहे. का आलो नाही, ते मात्र मी नीट सांगितलं नव्हतं. आमच्या अरबाबने, म्हणजे मालकाने, बुदैयाला नवा व्हिला बांधलाय. तरुणपणी तो वेल्समध्ये शिकायला होता. तिथल्या एका गावातलं जुन्या व्यापाऱ्याचं लाकडी घर त्याच्या मनात भरलेलं. तसली एक खोली व्हिलात करून दे, मग खलास, तू मोकळा, असं म्हणाला. पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या कपाटात, मी काय बोलणार? जूनमध्ये ते घर दाखवायला आठ दिवस मला घेऊन गेला. थंडी वाजते म्हणून स्वतःचा कोट दिला. वाईट माणूस नाही रे, तीच तर पंचाईत आहे. शिव्या देणारा असता तर केव्हाच भांडून बसलो असतो.

घर बघून मात्र माझा शीण पळाला. पाचशे वर्षांचं म्हणे. गल्लीच्या कोपऱ्यावर, खाली दगडी बांधकाम आणि वरचा मजला हातभर रस्त्यावर पुढे आलेला. ओकचे खांब, ओकच्या तुळया, आणि मधे चक्क कुड! काठ्या विणून वर चिखल लिंपलेला, आपल्या गोठ्याला आहे तस्सा. तिथे तो बघायला तिकीट काढावं लागतं. खिळा औषधालाही नाही. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं तासलेलं टोक, कूस, बसवलेली आणि आरपार लाकडी खुंटी. प्रत्येक जोडाजवळ पटाशीने मारलेल्या बारीक रेघा होत्या. माहिती सांगणाऱ्या बाई आलेल्या लोकांना विचारत होत्या की या कशाच्या असतील, ओळखा. कुणालाच सांगता येईना.

माझी जीभ वळवळली. मी अरबाबला हिंदीत सांगितलं की या खांबाला तीन रेघा, त्या तुळईला तीन, म्हणजे ही जोडी. घर आधी मोकळ्या जागेत आडवं मांडून जुळवायचं, खुणा करायच्या, सुटं करायचं आणि मग गावात नेऊन उभं करायचं. तुझे आजोबा असंच करायचे, सुट्टीला आलो की मी तुलाही तेच शिकवलं. त्याने ते बाईंना इंग्रजीत सांगितलं आणि बाईंनी टाळ्या वाजवल्या. झालं! मी पार वरच्या मजल्यापर्यंत एकेक खूण वाचत सुटलो. एका जागी त्या सुताराने चुकून मारलेली रेघसुद्धा दाखवली. अरबाब माझ्या पाठीवर थाप मारत होता आणि मी फुगत होतो. तोंड मिटून उभा राहिलो असतो तर आज घरी असतो.

परतीच्या विमानातच त्याने ठरवलं की खोली नको, अख्खं घर पाहिजे, बागेत, जसंच्या तसं. म्हणजे दोन वर्षांचं काम. प्रवासापुरता हातात आलेला माझा पासपोर्ट पुन्हा कपाटात गेला. मी दोनदा विनवणी केली. दुसऱ्यांदा तो हसून म्हणाला, "तेरे जैसा दूसरा दे दो, फिर जाओ."

मी पटकन म्हणालो, "मेरा बेटा है."

प्रशांत, तू दर पत्रात लिहितोस ना, बाबा, मला तिकडे बोलवा म्हणून? तेच मला त्या क्षणी आठवलं. तुझी हौस फिटेल आणि मी सुटेन, असं मनाशी जुळवलं. चार दिवस खुशीत होतो. तुझ्या आईसाठी बाब अल बहरीनला जाऊन दोन पातळंही घेतली. पाचव्या दिवशी अरबाबने तुझं वय विचारलं. बावीस म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. छान झालं, म्हणाला, आता तीस-चाळीस वर्षं काळजी नाही. अगदी प्रेमाने म्हणाला रे. मला इथे येऊन अठरा वर्षं झाली, आणि मीसुद्धा दोनच वर्षांसाठी आलो होतो.

ऑफिसने तुझा व्हिसा सोमवारी थेट तुझ्या नावाने धाडलाय, आठवड्याभरात पोचेल. मी नको म्हणून पाहिलं, तर अरबाब म्हणतो, मुलालाच ठरवू दे. सोबत एक फॉर्म असेल, तो भरून इथे परत पाठवायचाय, त्यात काय काम येतं ते विचारलंय. तिथे तुझ्या हाताने लिही की मला सुतारकाम येत नाही, वडिलांनी कधी शिकवलंच नाही. आपल्या घरात आजवर असं कुणी लिहिलेलं नाही, मला माहीत आहे. इथे मला खोटारडा म्हणतील, म्हणू देत. मी ते घर एकट्याने उभं करीन आणि येईन. तुला माझा राग येईल, मी ते चार दिवस खुशीत होतो याचा तर जास्तच येईल, खुशाल धर राग. पण फॉर्म मी सांगतोय तसाच भर.

तुझाच, तुझ्या हातात पहिली पटाशी देणारा,
बाबा