पाय निघत नाही

४ फेब्रुवारी
सगळे रिपोर्ट नॉर्मल! मेंदूचा, मणक्याचा, नसांचा. डॉक्टर म्हणाले, काही निघालं नाही. मग हा उजवा पाय मी फरफटत नेतो तो कुणाचा? टेबलावर मूठ आपटून बाहेर आलो. रिक्षात बाबा म्हणाले, "मोटार जळलेली नाही, वायर तुटलेली नाही, तरी फिरत नाही. असली मोटार आपल्या दुकानात कधी आली नाही बुवा." जन्मभर पंपांच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारा माणूस – दुसरं काय बोलणार!

५ फेब्रुवारी
तिचा फोन. तिकडे शहरात नोकरीत रुळलीय. कायमचा कधी येतोस, विचारलं. पाय, म्हटलं. रिपोर्टचं बोललो नाही.

११ फेब्रुवारी
आता बोलून बरं करणाऱ्या बाईंकडे पाठवलंय. म्हणजे मी वेडा! दोन खुर्च्या, एक पंखा, बाकी काही नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही नाटक करत नाही आहात. पाय शाबूत आहे, त्याला हुकूम पोहोचत नाही एवढंच. असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, नेमकं होतं काय? मी म्हटलं, "पाय निघत नाही."
"कुठून?"
भडकलोच. शब्दांचे खेळ करायला आलोय का मी, म्हणून ताडकन उठलो. पण दारापर्यंत पोहोचायला इतका वेळ लागला की तोवर रागच निवला.

१२ फेब्रुवारी
कुठून म्हणजे काय, कुठून!

१८ फेब्रुवारी
परत गेलो. तिच्याबद्दल बोललो. सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं त्या दिवशी अख्ख्या वर्गातून एकटी ती माझ्यामागे बाहेर आली होती. तिच्याकडेच निघालो होतो, तेव्हा पाय अडला. बसच्या पायरीवर. बाईंनी विचारलं, सोबत कोण होतं? बाबा. बॅग त्यांनीच वर चढवली. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. म्हणाले, "आता एकदा कुकर लावला की दोन दिवस बघायला नको." चेष्टेत. मीही हसलो. आणि पायरीवर पाय ठेवायला गेलो –


२३ फेब्रुवारी
पाय तसाच. तिला सगळं सांगून टाकलं, रिपोर्टसकट. म्हणाली, "म्हणजे तुला यायचंच नाहीये." मी ओरडलो, तुझ्यावाचून जीव चाललाय माझा! खोटं नव्हतं ते. अजूनही नाही.

२ मार्च
तिचा फोन आला. आता थांबणार नाही म्हणाली. घरच्यांनी बघितलेल्या मुलाला होकार दिलाय. मी फोन ठेवला आणि बाबांना सांगायला खाली दुकानात धावलो. सांगायला तोंड उघडलं. ते तोंडाकडे बघतच नव्हते, पायांकडे बघत होते.
मग मीही खाली बघितलं.