पेटीतल्या साळुंक्या आणि तुझा ट्रक

चि. हिसानोरीस थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

शेतात रोपं लागली, बेडकांनी गाव डोक्यावर घेतलंय, माझे गुडघे कुरकुरत का होईना, चालतात. तुझी पाठ कशी आहे? तुझ्या मित्सुएला विचारलंय म्हणून सांग.

तू फोनवर फर्मावलंस, "ताई, घर विकायचंय, आवराआवर माझ्या खोलीपासून कर, महिनाअखेरीस ट्रक घेऊन तुला न्यायला येतो." आज्ञा शिरसावंद्य! उजेड हवा म्हणून खिडकीची सरकती लाकडी फळी बाहेरच्या भिंतीवरच्या तिच्या पेटीत सरकवायला गेले, तर ती वीतभर जाऊन अडली आणि पेटीतून घरघर सुरू झाली. मला वाटलं, बाबाच! (जिवंतपणी असेच घोरायचे. आणि स्वतः बांधलेलं घर विकतायत म्हटल्यावर मेलेला माणूसही गुरगुरेल.) तसबिरीपुढे उदबत्ती लावली, त्यांच्या आवडीची तांदळाची दारू ठेवली, तरी घरघर थांबेना. शेवटी ती दारू मीच घेतली (वाया कशाला घालवायची?) आणि धीर येऊन शेजारच्या मुरासेंना हाक मारली.

ते शिडीवर चढले, फटीतून डोकावले आणि टोपीवर प्रसाद घेऊन उतरले. "ताई, आत साळुंक्यांनी संसार थाटलाय! खिडकी बंद राहिली की पेटी रिकामी, आणि रिकामी पेटी दिसली की त्या शिरणारच. ही खिडकी उघडता तरी कधी?" तू ओसाकाला गेलास तेव्हापासून ती बंदच आहे. "पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही हं, कायदा आहे," असं बजावून (याच साळुंक्या दरवर्षी त्यांच्या चेरी फस्त करतात, तरी!) ते टोपी धुवायला गेले.

तेव्हापासून मी तुझ्या खोलीत अंधारात बसून मुळ्याच्या लोणच्याबरोबर चहा घेते. पिल्लांची आई किडा घेऊन आली की भिंतीत एकच कल्ला होतो, शाळेतून आल्यावर तू करायचास तसा. खरं सांगू? इतक्या वर्षांनी त्या खोलीत कुणी भूक भूक म्हणून ओरडलं, मला फार बरं वाटलं. अशा परिस्थितीत आवरायचं कसं, तूच सांग. ट्रक पुढे ढकल.

तुझी,
सुमिएताई

ता. क. मुरासे फोन करून सांगतील की पिल्लं गेल्या आठवड्यातच उडाली. खरं आहे. घर एकदम मुकं झालंय.

आणखी एक. पेटी झाडून खिडकी पुन्हा बंद केली आहे, म्हणजे पेटी रिकामी राहील. साळुंक्या वर्षातून दोनदा अंडी घालतात म्हणे.

शेवटचं. त्या नाहीच आल्या, तर तू ये. ट्रक आणू नकोस.