शिवानीत फरक पडलाय

९ नोव्हेंबर २०२५

चौकात फ्लेक्स लागलाय! मला न विचारता. गॉगल घातलेली, हात जोडलेली तालमीची बारा-तेरा पोरं, त्यांच्या वर दोन पुढारी, आणि मधोमध माझी शिवानी. ‘बँकॉकला उपचारासाठी निघालेल्या कु. शिवानीस हार्दिक शुभेच्छा. बोलकी होऊन ये!’ फोटोत ती हसतेय. ती पंख्याकडे बघून हसत होती, हे मला माहीत. फोटो काढणाऱ्या धैर्यशील भावजींनाही माहीत.

“काढा तो,” म्हटलं.

“वहिनी, गल्लीनं वर्गणी काढलीया. गणपतीगत दारोदार फिरल्यात पोरं. त्यांस्नी फोटू बी लावू द्यायचा न्हाय व्हय?”

लावू दे. नऊ वर्षांत ह्या गल्लीतल्या एका घरानं तिला वाढदिवसाला बोलावलं नाही. फ्लेक्सवर मात्र पहिला नंबर!

१० नोव्हेंबर

ऑटिझम. हा शब्द चिठ्ठीवर पहिल्यांदा वाचला तेव्हा ती अडीच वर्षांची होती. डॉक्टरांनी लिहिला आणि घंटी मारली — पुढचा पेशंट! अर्थ मी वाचनालयात जाऊन शोधला. सातवीत शाळा सुटली माझी, पण वाचनालयानं कधी हाकललं नाही. मिळेल ते वाचत आले. ह्या स्टेम सेलबद्दलही वाचलं. कुणा नवजात बाळाच्या नाळेतल्या पेशी काढायच्या आणि आपल्या पोराच्या शिरेतून, पाठीच्या कण्यातून सोडायच्या. मग मेंदू सुधारतो, पोर बोलायला लागतं — असं ते विकणारे म्हणतात. मी वाचलं त्यात कुठंच तसं सिद्ध झालेलं नाही.

आपल्या डॉक्टरांनाही विचारलं. “माझी मुलगी असती तर नसती नेली,” म्हणाले. भावजींचं उत्तर तयार — “त्येंचं गिऱ्हाईक तुटतंय न्हवं, म्हणून!”

नाळ म्हटलं की मला घरामागचं परसदार आठवतं. शिवानी झाली तेव्हा ह्यांनी तिची नाळ शेवग्याच्या बुडात पुरली, कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवला. तिकडं पुरत नाहीत का? ज्या बाळाची नाळ घेतात त्याच्या आईला कुणी विचारतं का? भावजींना विचारलं तर म्हणाले, “तुमचं वाचून वाचून डोसकं फिरलंय.”

१२ नोव्हेंबर

शेजारच्या शालूबाई कट्ट्यावर बसून, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात — “बाळासो असता तर पोरीला खांद्यावर घालून कवाच नेली असती.”

हे जाऊन तीन वर्षं झाली. उद्यमनगरात लेथ मशीनसमोर उभ्या उभ्या गेले. तेव्हापासून ह्यांच्या मनात काय असतं ते गल्लीत सगळ्यांना कळतं. चौदा वर्षं जिनं संसार केला, एक तिलाच काही कळत नाही!

हे तिला बोलायला शिकवत नसत. लुनावर पुढं बसवून रंकाळ्याला नेत. इंजिनाच्या आवाजात ती गुणगुणायची, हेही गुणगुणायचे. परत आले की म्हणायचे, “कशा गप्पा मारल्या आम्ही!”

जाते मी. नाही गेले तर मरेपर्यंत हेच ऐकायचं. आणि खरं लिहायचं तर — मलाही तिच्या तोंडून एकदा ‘आई’ ऐकायचंय. बाकीच्यांवर चिडतेय आणि हे लपवतेय!

१६ नोव्हेंबर

बँकॉक. विमान हललं आणि भावजी गरजले — “जोतिबाच्या नावानं चांगभलं!” अर्धं विमान दचकलं. शिवानी कान दाबून किंचाळली. पुढच्या सीटवरची बाई वळून इंग्रजीत काहीतरी बोलली. तोंडावरून कळलं काय ते.

उतरल्यावर भावजींच्या पिशवीत गुलालाची पुडी सापडली. तीन वर्दीवाले गोळा! ही गुलाबी भुकटी कसली? भावजी हातवारे करून देव समजावून सांगतायत, स्वतःच्या कपाळाला लावून दाखवतायत. मी शिवानीला पोटाशी धरून उभी. एरवी हसले असते.

१७ नोव्हेंबर

दवाखाना कसला, हॉटेल आहे. खाली भिंतभर काचेत मासे. मॅडम म्हणून एक मुलगी हिंदीत सगळं समजावते. उद्या एकाच बैठकीत हाताला सलाईन आणि मग भूल देऊन पाठीत सुई. पेशंटबरोबर वर एकट्या आईला सोडतात.

माशांसमोर इंदूरची एक बाई भेटली. मुलगा अकरा वर्षांचा. त्यांची ही तिसरी खेप!

“पहली बार में फर्क लगा था, दीदी. नजर मिलाने लगा था.”

“मग?” मी मराठीतच विचारलं. तिला कळलं. हाताने दाखवलं — गेलं.

“मग परत का आलात?”

“घर बैठ के क्या करूँ?” म्हणाली.

तिचा मुलगा काचेला गाल लावून उभा होता. शांत. त्याला काही झालेलं नव्हतं. म्हणजे जो आहे तो तसाच होता. मला त्या बाईची दया यायला हवी होती. संताप आला. कारण मीही त्याचसाठी आलेय — घरी बसवत नाही म्हणून.

१८ नोव्हेंबर

शांतपणे लिहायचं ठरवलंय. जमत नाही.

शिवानीच्या मनगटाला परक्या माणसानं हात लावला की ती बिथरते. मॅडमला काल दोनदा सांगितलं होतं. “डोंट वरी!” आज चौघांनी धरलं. मनगटंच धरली! मग पट्टे काढले. मऊ पट्टे, आतून कापूस, वर मांजरांची चित्रं. लहान मुलांना बांधायला मांजरांची चित्रं काढणारा माणूस कोण असेल?

तिनं माझ्याकडे बघितलं. लोक म्हणतात ती नजर देत नाही. सरळ बघितलं तिनं. त्या नजरेत ‘आई’ होतं, शब्द नव्हता एवढंच. आणि मी काय करत होते? तिचा पाय धरून उभी होते. पाचवी मी!

“सोडा तिला!” ओरडले. आपल्या गल्लीत ओरडतात तसंच. “हात काढा! काढा म्हणते न्हवं!”

मॅडम म्हणाली, “सब बच्चे रोते हैं, मॅडम.”

मी पट्टे सोडायला लागले. डॉक्टर आले. गोरेपान, हसतमुख. मी एकच विचारलं, मॅडमकडून — इथून गेलेली किती मुलं बोलली? डॉक्टर खूप वेळ बोलले. मॅडमनं त्याचं एक वाक्य केलं — “हर बच्चा अलग होता है.”

शाळेनं शिवानीला प्रवेश नाकारला तेव्हा बाईंनी हेच सांगितलं होतं. शब्द न् शब्द हाच!

मी नको म्हणाले. पैसे परत मिळणार नाहीत, एवढं मात्र मॅडमनं लगेच सांगितलं.

शिवानीला कडेवर घेतलं. नऊ वर्षांची घोडी, पाय माझ्या गुडघ्यापर्यंत. खाली माशांसमोर भावजी उभे. फोन हातात, फोनमध्ये सगळी तालीम. “झालं का वहिनी? झालं?” आणि माझ्या उत्तराआधीच रडायला लागले. हा माणूस सख्ख्या भावाला अग्नी देताना रडला नव्हता.

“झालं,” म्हणाले मी.

“पट्टी कुठं हाय?”

“पाठीवर. बघू नका.”

२१ नोव्हेंबर

घरी. चौकात हलगी, गुलाल, पेढे. पोरीचे दोन्ही हात कानावर. तालमीतला एकजण तिच्या तोंडाजवळ माईक धरतो — “म्हण बाळ, चांगभलं!” तिनं माईकला जोरात ढकललं.

“बघा! हाताला ताकद आली!” टाळ्या.

१ डिसेंबर

सगळ्यांना फरक दिसतोय! वाणी म्हणतो, “आता कशी टक लावून बघती.” ती त्याच्या तराजूकडे बघते. पाच वर्षांची असल्यापासून बघते. दूधवाला म्हणतो, “चाल सुधारली.” चालायला काय झालं होतं तिला? भावजी रोज संध्याकाळी फोनवर कुणाला तरी सांगत असतात — “साठ टक्के फरक. आमच्या वहिनींना इचारा.”

मला कुणी विचारत नाही. मी आई, मला तर दिसतच असणार!

९ डिसेंबर

शालूबाई आल्या. नेहमी दारातूनच बोलतात, आज आत आल्या, फरशीवर मांडी घालून शिवानीसमोर बसल्या. चेंडू तिच्याकडे सोडला. शिवानीनं बघितला. पुन्हा सोडला. पुन्हा. किती वेळ! म्हातारीचे गुडघे दुखतात, पण हलल्या नाहीत. शेवटी शिवानीनं चेंडू परत ढकलला.

“बघितलास न्हवं? औषध लागू पडलं गं बाई!” डोळे पुसले शालूबाईंनी.

अहो, तुम्ही बसलात म्हणून ढकलला! नऊ वर्षांत एकदा बसला असतात तर कधीच ढकलला असता! हे ओठावर आलं होतं. चहा ठेवला आणि गप्प बसले. कारण उद्या परत येते म्हणाल्या.

१४ डिसेंबर

रोज येतात. आता वाण्याची सूनही येते. गल्लीतल्या मुली शिवानीला दोरीवरच्या उड्यांना नेतात. उड्या मारत नाही ती, दोरी धरून उभी राहते. पण नेतात. काल गुणगुणली त्यांच्यात. हे असते तर ऐकून नाचले असते.

हे सगळं एका खोट्यावर उभं आहे. खरं सांगितलं की म्हणतील — म्हणजे तशीच आहे! आणि उठून जातील. रात्रंदिवस ह्याचाच राग येतो मला. सुई टोचली असं वाटल्याशिवाय ह्यांना माझी पोर दिसतच नाही!

२८ डिसेंबर

चंदगडहून एक जोडपं आलं, भावजींनीच बोलावलं. काजूची पिशवी घेऊन. बाई स्वप्नाली, तिशीचीही नसेल. मुलगा राजवर्धन, चार वर्षांचा. शिवानीसारखाच. आल्या आल्या आमच्या मिक्सरचं झाकण घेऊन फिरवत बसला.

“तुमची पोरगी बघून ठरवू म्हटलं, आक्का,” स्वप्नाली म्हणाली.

शालूबाईंनी चेंडू सोडला. शिवानीनं ढकलला. स्वप्नालीनं नवऱ्याचा दंड धरला.

मी स्वयंपाकघरात गेले. उगाच भांडी घासली.

निघताना राजवर्धन झाकण सोडेना. “घेऊन जा,” म्हटलं. माझ्याकडे बघून मान हलवली त्यानं. बघितलं त्यानं! त्याच्या आईला दिसलं नाही. ती शिवानीकडे बघत होती.

२ जानेवारी २०२६

त्यांचं जायचं ठरलं. ह्याच महिन्यात.

भावजींना सगळं सांगितलं. पट्टे, मांजरं, सगळं. ताडकन उठले. मला वाटलं, मारतात की काय.

“म्हंजी टोचलंच न्हाय?”

“नाही.”

“मग ही चेंडू कशी खेळाय लागली?”

“तुम्ही सगळे खेळायला लागला म्हणून!”

“वहिनी, मी गल्लीत तोंड कुठं दाखवू? कुणाला बोलू नका. तुमच्या पाया पडतो. त्या चंदगडच्या पावण्यांचं ते बघून घेतील.”

त्या पोराला चौघे धरतील. आणि त्याची आई पाय धरेल. तिला तर कुणी सांगितलंही नसेल की सोडा म्हणता येतं.

४ जानेवारी

स्वप्नालीला फोन केला. सगळं सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही. मागं राजवर्धन झाकण फिरवत होता, तो आवाज येत होता. मग म्हणाली, “ह्यांच्याशी बोलते, आक्का,” आणि ठेवला.

हलकं वाटलं. खूप दिवसांनी जेवले.

५ जानेवारी

फोन करताना खिडकी उघडी होती. शालूबाई आज आल्या नाहीत.

७ जानेवारी

वाण्याची सूनही नाही. मुली दाराजवळून दोरी घेऊन गेल्या. कुणीतरी बोललंच — “गल्लीचं खाल्लं आणि पोरगी हाय तशीच आणली.” हाय तशीच! महिनाभर तीच तर आवडत होती तुम्हाला!

शिवानी चेंडू घेऊन दारात बसते. ढकलते. रस्त्यावर जातो. मी आणते. पुन्हा ढकलते. मी आणत राहीन. राजवर्धनला कुणी बांधणार नाही, त्याच्या बदल्यात हे सोसते. स्वस्त पडलं.

११ जानेवारी

स्वप्नालीचा फोन, विमानतळावरून. “राग मानू नका, आक्का. आम्ही दोघांनी लई विचार केला. तुमच्या शिवानीला कायबी न टोचता एवढा फरक पडला — मग आमच्या राजवर्धनला टोचल्यावर किती पडंल!”