मोर्सिशापासून सावधान

३ मार्च, रविवार

नोएलियाला पुन्हा दिवस गेलेत. या वेळी काहीही होऊ द्यायचं नाही. गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात बाळ गेलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात कुणाचीच चूक नाही. मला पटलं नव्हतं. मी ड्रायव्हिंग शिकवतो. गाडी ठोकल्यावर प्रत्येक जण म्हणतो, अचानक समोर आलं. अचानक काही येत नसतं, आपलं लक्ष नसतं.

या वेळी माझं लक्ष असणार आहे. संकल्प.

दुपारी अंगणात असादो, म्हणजे आमचं रविवारचं मांस भाजणं. लाकडाच्या निखाऱ्यावर, सावकाश, बाहेरून खरपूस आणि आतून लाल. मांस कोळशावर भाजून त्याचं चामडं करतात ते नदीपलीकडचे अर्जेंटिनावाले. पहिला घास घेऊन घरचे सगळे ओरडले, भाजणाऱ्यासाठी टाळ्या! आमच्या पायसांदू गावात जेवणाआधी देवाचं नाव घ्यायचं राहिलं तर चालतं, टाळ्या राहिल्या तर माणूस वर्षभर बोलत नाही. सगळ्यात लाल तुकडा नोएलियाला. रक्त वाढतं. सासूबाई, म्हणजे दोन्या एल्बिया, तिची प्लेट मीठ घालायला आत घेऊन गेल्या. दर रविवारी नेतात. माझ्या मिठावर त्यांचा विश्वास नाही.

५ मार्च, मंगळवार

मोबाइलवर वाचलं.  मांजरीच्या शीमध्ये एक जंतू असतो. आईला कळतसुद्धा नाही, जरा कणकण वाटते इतकंच. आणि पोटातल्या बाळाचे डोळे जातात. मेंदू बिघडतो. किंवा बाळच जातं. पुढे माती, भाज्या, मांस असं बरंच काही होतं, पण वाचवेना. फोन बंद केला.

आमची मांजर मोर्सिशा समोरच बसली होती. रक्ताच्या सॉसेजसारखी काळीकुळीत, म्हणून नोएलियाने ठेवलेलं नाव. आजवर मला गोड वाटायचं. आज ती माझ्याकडे बघत होती आणि मी पाय खुर्चीवर घेतले.

गेल्या वर्षीसुद्धा ती घरात होती.

७ मार्च, गुरुवार

नोएलिया आईबरोबर डॉक्टरीणबाईंकडे, म्हणजे डॉ. इराझोकींकडे, जाऊन आली. मला जमलं नाही, विद्यार्थ्यांच्या परीक्षेचा दिवस. तिच्या रक्तात या जंतूची जुनी लागण नाही. मी म्हटलं, सुटलो! ती म्हणाली, अरे सुटलो कसले, उलट जपायला हवं, आधी झालेलं असतं तर अंगात ताकद असती. माझं धाबं दणाणलं. मांजरीचं विचारलं का? विचारलं. घरात राहणारी मांजर आहे, राहू दे, फक्त तिचा शीचा ट्रे रोज दुसऱ्या कुणीतरी साफ करायचा. म्हणजे तू.

आणखीही काही सांगत होती, पण बाहेर विद्यार्थी हॉर्न वाजवत होता.

संकल्प: ट्रे मी. रोज.

८ मार्च, शुक्रवार

ट्रे साफ केला. रेनकोट, हातमोजे, मोटरसायकलचं हेल्मेट. काच खाली. आतून वाफ धरल्यामुळे काही दिसेना, ट्रे उपडा झाला. मोर्सिशा खिडकीत बसून बघत होती. मग आंघोळ केली. मग पुन्हा केली.

१२ मार्च, मंगळवार

विचार करून ठरवलं की ट्रेला हात लावूच नये. हलवलं की उडतं. न हलवता पडू दिलं तर जागच्या जागी वाळेल. शुक्रवारपासून तसंच ठेवलंय. शिस्त म्हणतात ती ही.

संध्याकाळी: नोएलियाने वास घेतला. म्हणाली, मिल्टन, तुला कळतं का काही? ताज्या घाणीतून जंतू लगेच लागत नाही, एखादा दिवस गेला की लागायला लागतो, म्हणून तर रोज काढायची. आणि तू जपून ठेवलीस? मी म्हटलं, मी बघतोय ना सगळं. म्हणाली, तू घाबरतोयस, बघत नाहीयेस. मला ते लागलं. घाबरल्याशिवाय माणूस बघेल कशाला?

ट्रेसकट सगळं फेकून दिलं. नवा ट्रे.

१६ मार्च, शनिवार

कायमचा तोडगा. मोर्सिशाची रवानगी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. पिंजऱ्यात जाईना. शेवटी उद्याच्या असादोसाठी आणलेल्या काळजाचा कच्चा तुकडा आत टाकला, तेव्हा गेली. नोएलिया रडली. म्हणाली, गेल्या वर्षी दवाखान्यातून आल्यावर मी पलंगावरून उठत नव्हते, तेव्हा तुझ्याकडून धीराचा एक शब्द निघत नव्हता. हीच पायाशी बसून होती. मी पिंजऱ्याची कडी लावली. 

पण बाळ आधी.

२० मार्च, बुधवार

मांजर गाडीत शिरली होती, मला पत्ता नाही. नवी विद्यार्थिनी, साठीच्या बाई, पहिल्यांदाच क्लच सोडत होत्या. मागून मोर्सिशा थेट त्यांच्या खांद्यावर. बाईंनी स्टिअरिंग सोडलं आणि छातीवर क्रॉसची खूण केली. माझ्या बाजूच्या ब्रेकवर मी दोन्ही पायांनी उभा राहिलो. बेकरीच्या पायरीला बंपर टेकला, बाकी काही नाही. बाई म्हणाल्या, पोरा, मांजर शांत आहे, तूच ओरडतोयस.

मोर्सिशा घरी परत. नोएलियाने तिला मिठी मारली. मी दारातच उभा राहिलो.

२२ मार्च, शुक्रवार

या वेळी मी स्वतः नोएलियाबरोबर डॉ. इराझोकींकडे गेलो. नोएलिया रक्त द्यायला आत गेली, तेवढ्यात मी मांजरीचं सगळं सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि मग विचारलं, घरात मांस कोण भाजतं?

मी ताठ बसलो. मी भाजतो म्हटलं. कसं भाजता? सविस्तर सांगितलं. लाकूड कुठलं, निखारे किती लांब, कापल्यावर लाल रस कसा वाहायला हवा, आणि सगळ्यात लाल तुकडा मी बायकोला कसा देतो, रक्त वाढायला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, अहो, तुमची मांजर विकतचे कोरडे दाणे खाते आणि सोफ्यावर झोपते, तिच्यापासून धोका थोडा. अर्ध्याकच्च्या मांसातून तोच जंतू येतो, आणि आपल्याकडे तर तसाच जास्त येतो. मांजरीला कच्चं देत नाही ना?

नाही, म्हटलं.

आजचं रक्त त्याच तपासणीसाठी आहे. पुढचा आठवडा सुट्टीचा, रिपोर्ट त्यानंतर. नोएलिया बाहेर आली, दंडावर कापूस धरून. म्हणाली, चेहरा असा काय झालाय तुझा? म्हटलं, ऊन लागलं.

२४ मार्च, रविवार

असादो केलं नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. शेवया उकडल्या, त्यांचा लगदा झाला. सगळे घाबरून माझ्याकडे बघत होते. सासूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मी नोएलियाच्या कपाळाला लावून पाहिला. गरम वाटलं. पुन्हा लावला, गार. चौथ्यांदा तिने माझा हात झटकला.

२७ मार्च, बुधवार

गावभर बिअरचा उत्सव चाललाय. नदीकाठी गाणी, पोरं चहाच्या पाण्याचे थर्मास काखेत मारून फिरतायत. लॅब बंद.

किती रविवार झाले असतील? मोजत नाही. प्रत्येक रविवारी मीच उठून तुकडा निवडला. हा नको, हा फार शिजलाय, हा घे, याच्यात रक्त आहे. आणि टाळ्या घेतल्या. गेल्या वर्षीही मीच निवडत होतो.

नोएलियाला सांगायचं ठरवलं. अंगणात गेलो. ती दोरीवर कपडे वाळत घालत होती, गुणगुणत होती. भाजायच्या जाळीला तेल लावायला आलोय असं दाखवलं आणि परत आत आलो.

१ एप्रिल, सोमवार

लागण नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्यासमोर धरून बोट ठेवून दाखवलं. मी दोनदा वाचून घेतला.

बाहेर येऊन गाडीत बसलो आणि मला रडू आवरेना. किल्ली लागेना. सगळं सांगितलं. मांस, लाल तुकडे, काळजाचा कच्चा तुकडा, बाईंशी बोललेलं खोटं. नोएलियाने ऐकलं. मग म्हणाली, अरे वेड्या, मी ते कधी खाल्लं? प्लेट आत जायची ती मिठासाठी नव्हे. आई तव्यावर टाकून बुटाच्या तळव्यासारखं करायची, मग मी खायचे. गेल्या वर्षीही तसंच. बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं.

मी विचारलं, सगळ्यांना माहीत होतं? सगळ्यांना. मग मला का नाही सांगितलंत? मी फार चिडलो होतो. म्हटलं, भाजणाऱ्याचा मान राखायला? टाळ्या वाजवायला मजा येत होती?

तिने माझ्या हातातून किल्ली घेतली. मग म्हणाली, गेल्या वर्षी बाळ गेल्यावर तू चूक कुणाची ते शोधत फिरत होतास. माझं कामावर जाणं, पायऱ्या, दवाखान्याचा रस्ता, काही सोडलं नाहीस. मांसाचं कळलं असतं तर तू ती चूक स्वतःवर घेतली असतीस आणि मला पुन्हा एकटीला रडावं लागलं असतं. आता माहीत झालं ना? तुझी चूक नव्हती. माझी पण नव्हती. मोर्सिशाची पण नव्हती.

 गाडी शेवटी तिनेच चालवली. तिसरा गिअर उशिरा टाकते. बोललो नाही.

७ एप्रिल, रविवार

आज निखाऱ्यापाशी दोन्या एल्बिया. सर्वानुमते. मांस इतकं भाजलं की नदीपलीकडूनही तक्रार आली असती. नोएलियाने तिथेच, सगळ्यांसमोर, पोटभर खाल्लं.

मी मांजरीचा ट्रे साफ केला. हातमोजे होते, हेल्मेट नव्हतं. नोएलिया खिडकीतून म्हणाली, रोज करशील ना? म्हटलं, रोज. मग तिने विचारलं, भीती वाटते का रे? मी सांगितलं, वाटते, खूप वाटते. ती म्हणाली, मला पण.