कोणत्या उमरीचे केस

प्रिय इंदू,

पाकिटावरचं अक्षर माझ्या लेकाचं, संघदीपचं आहे. माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच फळीवर टाकशील, अशी भीती वाटली म्हणून त्याच्याकडून पत्ता लिहून घेतला. तुझा नंबर दोनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. आठ वर्षांनी एकदम काय बोलायचं?

सरळच सांगते. माझे केस गेलेत. जानेवारीत छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, मग केमो. शेवटची मे महिन्यात झाली. डॉक्टर म्हणतात, आता ठीक आहे. रजा संपत आली. महिनाअखेरीस शाळा उघडेल आणि मला पहिलीच्या वर्गावर जायचं आहे. बाभुळगावच्या पोरांना मी ‘येनीवाल्या म्याडम’ म्हणून माहीत. रांगेत चालताना एक-दोघं शेपटाला धरूनच चालायचे. आता त्यांच्यापुढे कोणतं डोकं घेऊन उभं राहायचं, तेच ठरत नाही. आजारात झाली नसेल एवढी उठबस या एका गोष्टीनं चालली आहे. एवढं लिहीपर्यंत तीनदा उठले. एकदा गॅस बघायला, एकदा दाराची कडी, आणि एकदा उगाच आरशापुढे.

पहिला विग संघदीपनं मोबाईलवरून मागवला. त्याचा जीव तुटतो माझ्यासाठी, पण पोराला बाईच्या केसांतलं काय कळणार! कपाळावर झालर, रंग तांबूस. घालून बघितला तर लग्नातल्या ऑर्केस्ट्रात गाणं म्हणायला निघाल्यासारखी दिसत होते. तो उचलून ठेवला आणि नागपूरला दुकानात गेले. दुकानदारानं ब्लाउजचं माप घ्यावं तसं टेपानं डोक्याचं माप घेतलं, कानापासून कानापर्यंत, मग कपाळापासून मानेपर्यंत. मी आपली शहाण्या पोरीसारखी मान खाली घालून बसलेली. मग तो म्हणाला, “मॅडम, कोन्त्या उमरीचे केस दाखवू?”

इंदू, असं कुणी कुणाला विचारतं का? बावन्न वर्षांच्या बाईनं काय सांगायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, तिशीचे. त्यानं काळाभोर, कमरेपर्यंतचा काढून दिला. मीही घेतला.

तिशी म्हटलं की मला घाटंजीच आठवते. शेजारी शेजारी दोन खोल्या, शनिवारची सकाळची शाळा, आणि दुपारी तू मला पुढ्यात बसवून तेल लावायचीस. तुझे स्वतःचे केस बोटाएवढे, तरी म्हणायचीस, “तुह्या केसाले पाहून मले जलन होते, पन तेल मीच लावीन.” आणि वेणी अशी आवळायचीस की डोळे वर ओढले जायचे. मी ओरडले की पाठीत धपाटा. तसा हात नंतर कुणाचा लागला नाही माझ्या डोक्याला.

तर तो विग घालून घरी आले. धर्मपाल ओसरीत पेपर वाचत बसले होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, “कोन पायजे बाई तुमाले?” चेष्टाच होती. मीही हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. त्यांना वाटलं भांडी घासते आहे.

पुढचं ऐकून तू नक्की हसशील. दुकानदारानं तीनदा बजावलं होतं, तेल लावू नका. पण रविवार उजाडला आणि हात ऐकेना. वाटीत तेल कोमट केलं, विग मांडीवर घेतला आणि बसले चोळत. केस तेल पिईनात, नुसते चिकट होऊन बसले. मग घाबरून शिकेकाईनं धुतला आणि स्लॅबवर वाळत टाकला, या असल्या उन्हात! दुपारी शेजारची तुळसाबाई खालून ओरडली, “ओ म्याडम, तुमच्या सलाबवर माकड मेलं का काय?” वर जाऊन पाहिलं तर सगळ्याचा एक गोळा झालेला. कंगवा घातला तो आतच मोडला.

आता तिसरा आणायचा. या वेळी मानेपर्यंतचा घ्यावा म्हणते, थोडे पांढरे असलेला. धर्मपाल म्हणतात, काहीच नको, रुमाल बांध. तुळसाबाई म्हणते, साडीचा पदर घे. सगळ्यांकडे उत्तर आहे, पण डोकं माझं आहे. पाटीवर लिहिणाऱ्या पोराचा हात धरायला वाकले आणि विग पुढे घसरला तर? भांगात खालची जाळी दिसते का? घाम आला की खाज सुटते तेव्हा वर्गात काय करायचं? हे सगळं माझ्या ओळखीतल्या एकाच बाईला ठाऊक आहे.

तुझा विग मी पाहिला होता इंदू. आठ वर्षांपूर्वी, आपल्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत तू पहिल्या रांगेत बसली होतीस. मी सगळ्यात मागे. विग डावीकडे थोडा सरकला होता आणि तुला ते कळलं नव्हतं. माझ्या शेजारच्या दोघी हसल्या. मी उठून यायला हवं होतं, एका बोटानं सरळ झाला असता. मी फळ्याकडे बघत राहिले आणि चहा आला तशी पिशवी घेऊन निघून गेले. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे मीच पोरांना शिकवते. तरी मला भीती वाटली. माझी आई यातच गेली, तुला माहीत आहे. तुझ्याकडे बघितलं की मला आईचं डोकं दिसायचं. कारण सांगते आहे, पण ते पुरेसं नाही हे मलाही कळतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. त्या परिषदेच्या आधी तू फोन केला होतास. “कौसल्ये, नागपूरले चाल माह्यासंगं, केस घ्याचे हायेत, मले एकटीले समजत नाही.” मी म्हटलं, मतदार यादीची ड्युटी लागली आहे, तहसीलवर हजर राहायचं आहे. आपल्या नोकरीत या कारणावर कुणी शंका घेत नाही. तूही घेतली नाहीस, उलट मला म्हणालीस, उन्हाची डोक्याला बांधून जाय. इंदू, ड्युटी नव्हती. त्या दिवशी मी घरी कुरडया घालत होते, आणि तू एकटी त्या टेपवाल्यासमोर बसली होतीस. एकवीस तारखेच्या रविवारी मी नागपूरला जाते आहे. धर्मपाल सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. अकरापर्यंत तिथल्या बसस्थानकावर थांबेन, डोक्याला निळा रुमाल असेल. तू पांढरकवड्याहून येशील का? तुला त्या दिवशी ड्युटी असली तर तसं कळव. खरी का खोटी, ते मी विचारणार नाही.

अजूनही तुझीच,
कौसल्या